खेळाचा पडदा, अक्षराचा पडदा

दिवाळीच्या खरेदीची यादी हे प्रत्येक घरातले एक छोटेसे टीकाशास्त्रच असते. कोणती वस्तू गरजेची, कोणती हौसेची आणि कोणती केवळ शेजाऱ्यांनी घेतली म्हणून घ्यावयाची, याचा निवाडा त्या यादीत होत असतो. एके काळी हा वाद रेडिओवरून होई, पुढे दूरचित्रवाणीच्या संचावरून झाला, आता तो संगणकाच्या मॉनिटरवरून होतो. वडिलांना कचेरीचे काम घरी बसून उरकावयाचे असते, मुलीला निबंध लिहावयाचा असतो, मुलाला खेळ खेळावयाचा असतो. आणि टेबल एकच. दुकानात पाऊल टाकताच विक्रेता विचारतो, "गेमिंगसाठी हवा, की कामासाठी?" आणि या एका प्रश्नाने घराचे तिथल्या तिथे दोन पक्ष पडतात.

या प्रश्नाचीच परीक्षा करावी, असा माझा हेतू आहे. मी यंत्रशास्त्रातला माणूस नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण, शाळेत मराठी शिकविण्याचा पेशा आणि कादंबऱ्या लिहिण्याचा नाद, एवढेच माझे भांडवल. परंतु ज्या पडद्याकडे पाहत मी रोज तासन्‌तास लिहितो, त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार लेखकाला असावयास हरकत नाही. पुस्तकाचे परीक्षण लिहिताना आपण शेवटी कागद, छपाई आणि बांधणी यांविषयी दोन ओळी लिहितोच. आता ज्याच्यावर इतके लेखन आणि वाचन होते, त्या पडद्यालाही तशी कसोटी लावून पाहावी. मात्र ती कसोटी कोणती, हे आधी ठरले पाहिजे. कारण बाजाराने जी कसोटी आपल्या हाती दिली आहे, ती मराठी घराच्या कामाची आहे असे मला वाटत नाही.

२

खेळ आणि काम यांची पडद्यापुरती फारकत अगदी अलीकडची आहे. जन्मतः ही दोन्ही भावंडे एकाच पाळण्यात होती. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन येथल्या प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी टेनिसचा एक खेळ रचला. त्याचा पडदा म्हणजे विजेच्या लहरी तपासण्याचे ऑसिलोस्कोप हे प्रयोगशाळेतले उपकरण. त्याची काच जेमतेम पाच इंचांची. आडवी रेघ म्हणजे मैदान, मधली उभी रेघ म्हणजे जाळे, आणि उडणारा एक ठिपका म्हणजे चेंडू! चार वर्षांनी, १९६२ मध्ये, एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ नावाच्या संगणकावर 'स्पेसवॉर' हा अंतराळातल्या लढाईचा खेळ तयार केला. तो संगणकही गणितासाठी आणि संशोधनासाठी आणलेला. म्हणजे कामाच्या पडद्यावर खेळ शिरला, आणि कोणी त्याला वेगळा पडदा आणून दिला नाही.

पुढे १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात 'आल्टो' हा संगणक तयार झाला. त्याचा पडदा आडवा नव्हता, उभा होता. रुंदीला ६०६ ठिपके आणि उंचीला ८०८. पांढऱ्या भूमीवर काळी अक्षरे. ज्यांनी तो घडविला, त्यांच्या डोळ्यांपुढे लिहिण्याचा कागद होता हे उघड आहे. मला हा पडदा पडद्यांच्या इतिहासातला सर्वांत सुसंस्कृत पडदा वाटतो. चित्रपटाची चौकट आडवी असते, नाटकाचा मंच आडवा असतो, पण पान उभे असते. आणि माणूस कित्येक शतके पानच वाचत आला आहे. नंतरच्या काळात पडदे रुंद होत गेले ते चित्रपटाच्या आणि खेळाच्या ओढीने. आज दुकानात जे मॉनिटर 'कामाचे' म्हणून विकले जातात, त्यांचीही चौकट चित्रपटाचीच असते. तेव्हा मॉनिटर घेताना त्याचा पाय पाहावा. जो मॉनिटर पायावर फिरवून उभा करता येतो, तो लिहिणाऱ्याला त्याचे पान परत देतो. २४ इंची मॉनिटर असा उभा केला की कादंबरीच्या हस्तलिखिताचे एक अख्खे पान नजरेत मावते, आणि वरच्या परिच्छेदात नायिकेने काय म्हटले होते ते शोधण्यासाठी सारखे मागे जावे लागत नाही.

३

आता बाजाराच्या कसोटीकडे वळू. तिचे नाव वेग. पडद्यावरचे चित्र आपल्याला अखंड दिसते, पण तो अनेक चित्रांचा ओघ असतो. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा नवे चित्र मांडतो. खेळासाठी म्हणून विकले जाणारे मॉनिटर १४४, १६५, २४० किंवा त्याहूनही अधिक वेळा. जाहिरातीत हर्ट्‌झ म्हणून मिरविला जातो तो हाच आकडा.

हा आकडा थोतांड आहे असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही. त्याचा अर्थ क्रिकेटच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. ताशी १४४ किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू एका सेकंदात ४० मीटर जातो. सेकंदाला ६० चित्रे दाखविणाऱ्या पडद्यावर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत तो सुमारे ६७ सेंटिमीटर पुढे उडी घेतो. म्हणजे यष्टीच्या उंचीहून थोडेसेच कमी. मधल्या वाटेत तो कुठे होता, हे आपला डोळा केवळ अंदाजाने भरून काढतो. १४४ चित्रांच्या पडद्यावर ही उडी २८ सेंटिमीटरांची होते आणि २४० चित्रांच्या पडद्यावर १७ सेंटिमीटरांची. ज्याला त्या चेंडूवर बॅट फिरवायची आहे, त्याला हा फरक जाणवतो. तेव्हा मुलगा 'पडदा अडखळतो' म्हणून तक्रार करतो, ती नेहमीच लाडावलेपणाची नसते.

परंतु याच हिशेबात दुसरे एक सत्य दडलेले आहे, आणि ते जाहिरात सांगत नाही. ६० चित्रांच्या पडद्यावर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ वर ६.९, २४० वर ४.२ आणि ३६० वर २.८. म्हणजे ६० वरून १४४ वर गेल्याने जवळजवळ दहा मिलिसेकंदांची बचत होते. तिथून २४० वर गेल्याने पावणेतीनांची. आणि तिथून ३६० वर गेल्याने दीडाचीही नाही. आकडा फुगत जातो आणि लाभ आटत जातो. शिवाय सेकंदाला २४० चित्रे दाखविण्याची ताकद पडद्यात असली, तरी तितकी चित्रे रेखाटण्याची ताकद संगणकात असावी लागते. नसेल तर भरजरी पात्रात पिठले-भाकरी वाढल्यासारखे होते.

चित्रे रेखाटणारा संगणक आणि ती दाखविणारा पडदा यांचा ताल चुकला, की चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसते. वरचा भाग नव्या क्षणाचा, खालचा जुन्या. तबलजी गायकाच्या लयीने चालावा तशी पडद्याने संगणकाच्या लयीने चालावे, अशी योजना २०१३ नंतर रूढ झाली. 'जी-सिंक' आणि 'फ्रीसिंक' ही तिची दोन नावे. संगणक मंदावला तर पडदाही तेवढा थांबतो. माझ्या मते मध्यम ताकदीच्या संगणकावर खेळणाऱ्याला ही साथसंगत मोठ्या आकड्यापेक्षा अधिक उपयोगी आहे.

४

दुसरी कसोटी अक्षराची. माझा सारा पक्षपात इथे आहे, हे मी लपवीत नाही.

पडद्यावरचे अक्षर ठिपक्यांनी बनते. रांगोळीचे ठिपके जितके दाट, तितकी नक्षी नाजूक काढता येते, पडद्याचेही तसेच. मॉनिटरचा आकार त्याच्या कर्णात मोजतात. २७ इंची मॉनिटर घेतला आणि त्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके असले, तर एका इंचात सुमारे ८२ ठिपके बसतात. त्याच आकारात २५६० गुणिले १४४० असले तर १०९, आणि ३८४० गुणिले २१६० असले, ज्याला बाजारात 'फोर-के' म्हणतात, तर १६३. तुलनेसाठी सांगावयाचे तर १९८४ साली मेजावर येऊन बसलेला लेझर प्रिंटरही इंचाला ३०० ठिपके छापीत असे. कागद अजूनही पुष्कळ पुढे आहे.

डोळ्याला किती हवे, याचेही माप आहे. निकोप दृष्टीचा माणूस एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातले अंतर ओळखू शकतो, असे नेत्रवैद्य धरतात. मॉनिटरपासून आपण दोन फूट, म्हणजे सुमारे ६० सेंटिमीटर अंतरावर बसतो. त्या अंतरावर हा कोन ०.१७ मिलिमीटरांचा होतो; म्हणजे इंचाला साधारण १४५ ठिपके. याहून दाट ठिपके असले की ते वेगळे दिसत नाहीत, अक्षराची कड सलग वाटते. ८२ ठिपक्यांच्या पडद्यावर एकेक ठिपका ०.३१ मिलिमीटरांचा असतो. तो डोळ्याला टोचतो, मग आपल्याला त्याचे कारण कळो अथवा न कळो.

इथपर्यंतची गोष्ट सर्व भाषांना सारखीच लागू आहे. परंतु देवनागरीची अडचण याहून वेगळी आहे. रोमन लिपीची बहुतेक अक्षरे एका ओळीत शेजारीशेजारी उभी राहतात. आपली अक्षरे शेजारी तर उभी राहतातच, शिवाय एकमेकांच्या डोक्यावर आणि पायाखालीही बसतात. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार; मध्ये शिरोरेषा आणि अक्षराचे शरीर; खाली उकार किंवा जोडाक्षराचा लोंबणारा भाग. 'मूर्तीं' हा शब्द पाहा. तिथे एका 'त'च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघे बसले आहेत, आणि शेजारच्या 'म'च्या पायाशी उकार आहे. नेहमीच्या मांडणीत बारा पॉइंटांच्या अक्षराला उंचीत १६ ठिपके मिळतात. सोळा ठिपक्यांच्या या तीन मजली चाळीत एवढ्या बिऱ्हाडांनी राहावयाचे! अनुस्वाराच्या वाट्याला एखाददुसरा ठिपका येतो, आणि तोही रफाराच्या अंगावर पडलेला. त्याच २७ इंची आकाराच्या 'फोर-के' पडद्यावर तेच अक्षर तेवढ्याच मापाचे ठेवले, तर त्याला उंचीत ३२ ठिपके मिळतात आणि रुंदीतही दुप्पट. म्हणजे एकंदर चौपट जागा. तिथे प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचे दार असते.

१९९८ साली मायक्रोसॉफ्टने 'क्लिअरटाइप' नावाची एक युक्ती जाहीर केली. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. त्या पट्ट्या सुट्यासुट्या वापरून अक्षराची कड अधिक रेखीव करावयाची, अशी ती कल्पना. कल्पना सुंदर होती. पण पट्ट्या एकमेकींच्या शेजारी असल्यामुळे तिचा लाभ आडव्या दिशेने होतो, उभ्या दिशेने नाही. रोमन अक्षराच्या उभ्या दांड्यांना ती पावली. आपल्या दाटीचा प्रश्न उभ्या दिशेचा, म्हणून तो बराचसा होता तिथेच राहिला. यात कोणाचा दुष्टावा नाही. ज्याने त्याने आपल्या लिपीची सोय आधी पाहिली, एवढेच. आपली सोय आपण पाहावयाची असते.

आणि ती आपल्या पूर्वीच्या माणसांनी पाहिली होती. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या टाइपाची कीर्ती देशभर पसरली ती याच वेलांट्या-मात्रांच्या रेखीवपणामुळे. शिशाच्या खिळ्यावर उकार तुटू नये, मात्रा झिजू नये, म्हणून ओतारी आणि जुळारी डोळ्यांत तेल घालून बसत. संगणकाच्या काळात तीच निष्ठा र. कृ. जोशी यांनी दाखविली. आज हजारो संगणकांवर 'मंगल' या नावाने जो देवनागरी टंक दिसतो, तो त्यांच्या हातचा. परंतु टंक कितीही सुरेख असला तरी तो ठिपक्यांच्या जाळीतूनच गाळून यावयाचा. जाळी भरड असेल, तर कलावंताने घडविलेले वळण जाळीतच अडकते.

१९६२ साली मराठीच्या शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्या वेळी पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली होती. पण त्यानंतर जे अनुस्वार उरले, ते सगळे कामाचे आहेत. 'मद' आणि 'मंद' यांत एका ठिपक्याचे अंतर आहे. व्याकरणाने जे राखले ते पडद्याने गिळावे, हे कसे चालेल?

५

पडद्याच्या जातीविषयी थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण दुकानदार त्यांची आद्याक्षरे मंत्रासारखी म्हणतो. या विद्येचे मूळ गाजरात आहे म्हटले तर घरातली मुले हसतील. पण ते खरे आहे. १८८८ साली प्राग येथे फ्रीड्रिख रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या एका द्रव्यावर प्रयोग करीत होता. ते द्रव्य १४५.५ अंशांना वितळून गढूळ झाले आणि १७८.५ अंशांना पुन्हा एकदा जणू वितळून स्वच्छ झाले. घन आणि द्रव यांच्या मधली ही अवस्था म्हणजे द्रवस्फटिक. आपल्या देशाचाही या शास्त्रात वाटा आहे. १९७७ मध्ये बंगळूरच्या रमण संशोधन संस्थेत शि. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. तशा रेणूंचे पापुद्रे पुढे पडद्याची बाजूने दिसण्याची क्षमता वाढविण्यासाठी वापरले गेले.

आज बाजारात चार जाती दिसतात. टीएन ही सर्वांत जुनी; १९७० च्या सुमारास जन्मलेली, चपळ, पण बाजूने पाहिले की रंग उडणारी. व्हीए जातीचा काळा रंग गडद असतो, पण काळोख्या दृश्यात वस्तू धावली की तिच्यामागे काजळीची शेपटी राहते. आयपीएसचे रंग सरळ आणि सर्व बाजूंनी सारखे, मात्र अंधाऱ्या खोलीत तिचा काळा रंग राखाडी दिसतो. ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा तो खरोखर काळा. आणि चपळाईत तिचा हात कोणी धरणार नाही. पण एकच स्थिर चित्र दीर्घकाळ ठेवले, तर तिच्यावर त्याची छाप राहण्याचे भय असते. आणि तिच्यातल्या रंगकणांची मांडणी नेहमीपेक्षा वेगळी असल्याने अक्षरांच्या कडांना पुष्कळदा रंगीत झालर दिसते. तात्पर्य, ओएलईडी ही रंगमंचाची नटी आहे, कारकुनाच्या मेजावरची नव्हे. दिवसभर तक्ते, पत्रे आणि प्रकरणे उघडी ठेवणाऱ्याने आयपीएसशीच संसार करावा.

बाजारातल्या विशेषणांविषयी काही न बोलणे बरे. पण टीकाकाराला ते साधत नाही. कादंबरीच्या मलपृष्ठावर 'युगप्रवर्तक' हा शब्द जितका खरा असतो, तितकाच पडद्याच्या खोक्यावर 'एक मिलिसेकंद' हा आकडा खरा असतो. म्हणजे कुठल्या तरी एका प्रसंगी, कुठल्या तरी एका मोजणीने तो खरा ठरलेला असतो; सर्व रंगांना आणि सर्व वेळी नव्हे. 'कोटीस एक' असे कॉन्ट्रास्टचे आकडे तसेच. साध्या आयपीएस पडद्याचे खरे प्रमाण सुमारे हजारास एक आणि व्हीएचे तीन हजारांस एक असते. 'एचडीआर ४००' या शिक्क्याचा मोठा अर्थ एवढाच, की पडदा एका विशिष्ट तेजापर्यंत पोचतो. चित्राच्या निरनिराळ्या भागांचा उजेड स्वतंत्रपणे कमीजास्त करता यावा, अशी सक्ती २०१७ साली ठरलेल्या त्याच्या मूळ नियमांत नव्हती. शिक्का खोटा नाही. वाचणाराच त्यात नको तेवढे वाचतो.

६

दोन टोके शेजारी ठेवून पाहिली की हा सगळा वाद स्पष्ट होतो. २००१ साली आयबीएमने बावीस इंची एक पडदा काढला. त्यावर ३८४० गुणिले २४०० ठिपके होते, इंचाला २०४. अक्षर असे की छापलेले वाटावे. पण तो सेकंदाला पन्नास चित्रेही दाखवू शकत नसे. याच्या उलट २०२३ मध्ये २४ इंची एक पडदा बाजारात आला, तो सेकंदाला ५४० चित्रे दाखवितो. मात्र त्याचे ठिपके इंचाला सुमारे ९२; म्हणजे सामान्य कचेरीतल्या २४ इंची पडद्याइतकेच. पहिल्याने अक्षरासाठी गती सोडली, दुसऱ्याने गतीसाठी अक्षर. दोन्ही पराक्रम थोर आहेत, आणि दोन्ही घरात आणण्याजोगे नाहीत.

परंतु खरोखर ही दोन गुणांची लढाई आहे काय? मला तसे वाटत नाही. वाचणारा माणूस मजकूर वरखाली सरकवीत असतो. ६० चित्रांच्या पडद्यावर सरकता मजकूर पुसट होतो, १४४ वर सरकतानाही वाचता येतो. म्हणजे वेग अक्षराच्या उपयोगी पडतो. खेळणाऱ्याला दूरच्या टेकडीवरचा बारीक शत्रू ओळखावयाचा असतो. दाट ठिपक्यांच्या पडद्यावर तो लवकर ओळखू येतो. म्हणजे अक्षराचा गुण खेळाच्या उपयोगी पडतो. कुटुंबाच्या स्मरणासाठी मी दोन जवळजवळ सारखेच आकडे सुचवितो: सेकंदाला १४४ चित्रे आणि इंचाला १४५ ठिपके. यापलीकडचा खर्च हौसेचा, याच्या आतला गरजेचा. २७ इंची 'फोर-के', १४४ हर्ट्‌झचा, आयपीएस जातीचा पडदा या दोन्ही कसोट्यांना उतरतो. पण तो महाग असतो, आणि त्याला साजेसा संगणक आणखी महाग.

तेव्हा पैसे बेताचे असतील, तर काय सोडावे? माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: वेग सोडावा, अक्षर सोडू नये. सेकंदाला ६० चित्रांवर बुद्धिबळ, कोडी, गोष्टीचे खेळ, मोटारींच्या शर्यतीसुद्धा आनंदाने खेळता येतात. स्पर्धेत उतरणारा नेमबाज खेळाडू घरात असेल, तर मात्र त्याची गोष्ट निराळी. अक्षराला अशी पळवाट नाही. शिवाय 'फोर-के' पडद्याचे ठिपके १०८० च्या बरोबर दुप्पट असल्यामुळे, मोठ्या खेळाचे चित्र कमी ठिपक्यांत मागवून मध्यम संगणकावरही तो खेळता येतो. २०२४ पासून तर एकच पडदा दाट ठिपके आणि मोठा वेग यांपैकी हवे ते आळीपाळीने देतो, असेही नमुने निघाले आहेत. ते स्वस्त झाले म्हणजे हा कलह आपोआप मिटेल. तोवर दोघांचे समाधान हवे असेल, तर २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा २७ इंची, १४४ च्या आसपासचा पडदा हा मध्यममार्ग आहे. त्यावर देवनागरी सुबक दिसत नाही, पण निदान घुसमटत नाही. २७ इंचांवर १९२० गुणिले १०८० मात्र मराठी लिहिणाऱ्याच्या घरात आणू नये. तेवढेच ठिपके घ्यावयाचे असतील तर २४ इंचांवरच थांबावे.

दुकानात परीक्षा कशी करावी, हेही सांगतो. तिथे पडद्यावर नेहमी धबधबे, पोपट आणि फुलपाखरे चालू असतात. ती कोणत्याही पडद्यावर छानच दिसतात. खिशात पेनड्राइव्ह न्यावा, त्यात एक मराठी पान असावे, आणि त्या पानात 'उद्ध्वस्त', 'द्वंद्व', 'हृद्य', 'मूर्तींच्या' असे शब्द असावेत. ते बारा पॉइंटांत उघडावे, दोन फुटांवर उभे राहावे आणि रफार व अनुस्वार वेगळे दिसतात का ते पाहावे. मग तेच पान भराभर सरकवून पाहावे. मी वाचलेल्या मॉनिटर-परीक्षणांत अक्षराची कसोटी सदैव रोमन मजकुरावरच घेतलेली असते. आपल्या लिपीची कसोटी आपल्यावाचून कोण घेणार?

७

एवढा खटाटोप एका पडद्यासाठी कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला मी माझ्या वर्गातला अनुभव सांगेन. संगणकाच्या तासाला एक मुलगा पडद्यावरचा उतारा मोठ्याने वाचीत होता. 'घनदाट अरण्य' या ठिकाणी तो 'धनदाट' म्हणाला आणि वर्ग हसला. मुलगा हुशार होता. मी जवळ जाऊन पाहिले, तर त्या जुन्या पडद्यावर 'घ' आणि 'ध' यांत भेद करणारी शिरोरेषेची फट खरोखरच भरून गेली होती. दोष मुलाचा नव्हता, पण हसे त्याचे झाले. पुढच्या वेळी वाचनासाठी हात वर करताना तो कचरला.

माझी खरी चिंता इथे आहे. मुले मराठी वाचीत नाहीत, हे आपण व्याख्यानांतून आणि संमेलनांतून सतत ऐकतो. आणि त्याची कारणे आपण शाळेत, आईबापांत, काळात शोधतो. ती असतीलही. पण तीच मुले हातातल्या फोनवर मराठी विनोद, मराठी निरोप चटाचटा वाचतात, हेही मी पाहतो. चांगल्या फोनवर इंचाला चारशेच्या घरात ठिपके असतात. तिथे आपली लिपी निर्णयसागराच्या खिळ्यासारखी रेखीव उमटते. मेजावरच्या पडद्यावर मात्र इंग्रजी स्वच्छ दिसते आणि मराठी गढूळ. मुलाला ठिपक्यांचे गणित ठाऊक नसते. इंग्रजी वाचणे सोपे जाते आणि मराठी वाचताना डोळे शिणतात, एवढेच त्याला कळते; आणि तो दोष तो पडद्याला देत नाही, भाषेला देतो. एखादी भाषा अवघड आहे असे मनाने एकदा घेतले, म्हणजे ते काढून टाकणे कोणत्याही शिक्षकाच्या हाती राहत नाही.

म्हणून विक्रेत्याने "गेमिंगसाठी, की कामासाठी?" असे विचारले, तर त्याला तिसरे उत्तर द्यावे: "वाचण्यासाठी." खेळाने मुलाचा तास आनंदात जावा, कामाने वडिलांचा महिना सुखाने जावा; पण त्याच पडद्यावर घरातले मूल आपल्या भाषेचे अक्षर वर्षानुवर्षे पाहणार आहे. ते अक्षर त्याला सुरेख दिसले पाहिजे. मग ते वाचावे की नाही, हे त्याचे ते ठरवील.